भातलावणीच्या ओळीतलं आसन

आठ खाडे झाले की नाव कट, हा माझ्या योगवर्गाचा नियम होता आणि तो मी एक अपवाद सोडला तर कुणासाठी मोडला नाही. परळला एका चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचा हॉल आहे. एका भिंतीला गणपतीच्या मखराच्या फळ्या आणि बांबू रचलेले, उरलेल्या जागेत सकाळी साडेसहाला आमच्या वीस-बावीस चटया. तीसएक वर्षं मी दादरहून चालत तिथे जायची. मागच्या वर्षी वर्ग दुसऱ्या बाईंच्या हाती सोपवला तेव्हा जुन्या हजेरीवह्या घरी आणल्या. चाळता चाळता एक गोष्ट दिसली आणि मी वही मिटून ठेवली. कापलेल्या नावांपैकी बहुतेक नावं जुलैत कापलेली होती.

दर जुलैत पाच-सहा बायका गळायच्या. लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळीकडच्या. विचारलं की म्हणायच्या, "गावाला चाललोय, लावणी आहे." मी मान हलवायची आणि नवव्या दिवशी रेघ मारायची. परत आल्या की सुनावायची, आता नव्याने नाव घाला आणि मागच्या रांगेत बसा. मला वाटायचं, सबब आहे. जात असतील चार दिवस हिरवळ बघायला. मी दादरला जन्मले, तिथेच वाढले. वडील कचेरीत, सासरे कचेरीत, मीही आधी दहा वर्षं कचेरीत. भात मला ताटात वाढल्यावरच ओळखू यायचा.

शेतीशी माझा पहिला संबंध आला तो प्रभादेवीच्या कर्णिकसाहेबांमुळे. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जतकडे थोडी जमीन घेतली. शनिवार-रविवारी तिथे जाऊन खड्डे खणायचे आणि सोमवारी वर्गात एका अंगाला कलून उभे राहायचे. मला म्हणाले, "बाई, शेतीसाठी एखादं आसन सांगा." डोकेदुखीवर गोळी मागावी तसं. मी त्यांना हॉलमध्येच काठी हातात देऊन खणायला लावलं. साहेब कुदळ उचलताना श्वास रोखून धरत होते, खाली आणतानाही सोडत नव्हते, आणि वाकत होते बरोबर कंबरेत.

आता बाहेरच्या माणसाला वाटतं, योग म्हणजे अंगाच्या घड्या घालणं. तसं नाही हो. निम्मा योग म्हणजे कुठून वाकायचं आणि कुठून वाकायचं नाही हे कळणं. पेटीचं झाकण बिजागरीतून उघडतं, मधोमध मोडत नाही. माणसाची बिजागरी जांघेत आहे. पण आयुष्यभर खुर्चीत बसलं की मांड्यांच्या मागच्या शिरा आखडतात, जांघ वाकेनाशी होते आणि तिचं काम बिचाऱ्या कंबरेवर येतं. साहेबांना मी जांघेतून वाकायला शिकवलं, कुदळ खाली येताना श्वास सोडायला शिकवलं आणि खुरपणीसाठी उकिडवं बसायला शिकवलं. त्याला आमच्यात मलासन म्हणतात. चाळीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाच्या टाचाच जमिनीला टेकेनात. टाचांखाली चादरीची घडी ठेवून सुरुवात केली. चार महिन्यांनी साहेबांनी अख्ख्या वर्गाला वाकडीतिकडी दोन-दोन वांगी वाटली आणि जाहीर केलं की ही उकिडवं बसून काढलेली आहेत.

माझ्या डोक्यात हवा गेली, खोटं कशाला सांगू? दादरच्या एका महिला मंडळात मी 'योग आणि शेती' या विषयावर चित्रं दाखवून भाषणसुद्धा ठोकलं. श्रोत्यांत एकीच्याही पायाला कधी चिखल लागला नसेल. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

आणि मग एका एप्रिलमध्ये सुलभा आली.

सुलभा लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडायचं काम करायची. पन्नाशी उलटलेली, उभट चेहऱ्याची, फार न बोलणारी. सकाळी आंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून यायची, तरी तिच्या अंगाला मिरचीची धूळ असायचीच. तिच्या शेजारची रांग प्राणायामाला बसली की शिंकायला लागायची. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाई, मला जुलैत आठ दिवस वाकून राहता आलं पाहिजे. मन शांत-बिंत नाही झालं तरी चालेल."

मला हसू आलं. मग तिने कारण सांगितलं तेव्हा हसू गेलं. कणकवलीच्या पुढे तिच्या सासरचं घर. घरात एकटी मोठी जाऊ, दिरांच्या मागे राहिलेली, सत्तरीला टेकलेली. सुलभा तिला वयनी म्हणायची. भाताचं एक शेत उरलं होतं. त्यांच्या वाडीत लावणीला मजूर मिळत नाहीत, तेव्हा सात घरं मिळून आळीपाळीने लावणी करतात. आज सगळ्या बायका तुझ्या शेतात, उद्या माझ्या. प्रत्येक घराने रोज एक बाई द्यायची. ज्या घरातून बाई येत नाही, त्या घराच्या शेतात कुणी येत नाही. इतकी वर्षं वयनी जायची. आता तिचे गुडघे दिवसभर चिखलात टिकत नव्हते, ती अर्धा दिवस काम करून मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायची आणि बाकीच्या घरांत कुजबुज सुरू झाली होती. सुलभाचा नवरा वॉचमन, त्याची रजा गणपतीला राखलेली. आणि लावणी बायकांचीच. म्हणून सुलभाने जायचं ठरवलं होतं. ती नाही टिकली तर घर ओळीतून बाहेर आणि शेत पडीक.

"एकदा पडीक पडलं की परत कोण करतंय, बाई," ती म्हणाली. तिच्या आजूबाजूच्या कितीतरी घरांचं तसं झालं होतं.

मी कंबर कसली. तीन महिने तिला सोडली नाही. मांड्यांच्या मागचा ताण, जांघेतून वाकणं, पालथं झोपून भुजंगासन, शलभासन, म्हणजे पाठीची ताकद वाढवणारी आसनं. दिवसभर जमिनीवर बसून देठं खुडणारीची पाठ गोल झालेली असते, तिला आधी सरळ होणं शिकवावं लागतं. पोरगी, म्हणजे मला पोरगीच, एक दिवस चुकली नाही. जूनअखेर ती वीस मिनिटं सलग वाकून उभी राहायला लागली. जाताना मी तिला बजावलं की दर पंधरा मिनिटांनी उठायचं, हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं, पाच श्वास घ्यायचे आणि मग पुन्हा खाली. तेवढं एक पाळलंस की पाठीला काही होणार नाही. ती हो म्हणाली. तिच्यासाठी मी आठ खाड्यांचा नियमही शिथिल केला आणि मनातल्या मनात माझ्या थोरपणाची नोंद घेतली.

पाचव्या दिवशी सुलभा परत आली. नवऱ्याने जाऊन आणली. बसमध्ये मागच्या लांब सीटवर आडवी करून.

आठवड्याभराने मी लालबागला तिच्या खोलीवर गेले. तिसरा मजला, उभा जिना. ती जमिनीवर कुशीवर पडलेली, उठायला बघत होती, मीच म्हटलं पडून राहा. नवरा चहा टाकायला आत गेला. जाता जाता त्यानेच सांगितलं की तीन दिवस झाले आणि चौथ्या सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. उरलेले दिवस वयनी तसल्या गुडघ्यांनी गेली. स्वतःच्या शेताची पाळी आली तेव्हा चारच बायका आल्या आणि अर्धं शेत तसंच राहिलं. वयनीने फोनवर सांगितलं होतं, पुढल्या वर्षी नको, सोडून देऊया.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की आधी राग येतो. मी म्हटलं, "पंधरा मिनिटांनी उठायला सांगितलं होतं ना मी? उठलीस?"

ती भिंतीकडे बघत होती. "नाही उठले."

"का?"

"बाई, सगळ्या वाकलेल्या असताना मी एकटी कशी उभी राहू?"

मग तिने मला लावणी समजावून सांगितली, तीन महिन्यांत मी एकदाही न विचारलेली. सात बायका शेजारी शेजारी वाकतात. प्रत्येकीचा हात पोचेल तेवढा पट्टा तिचा. रोपं लावत सगळ्या एकाच वेगाने मागे मागे सरकतात. एक उठून उभी राहिली की तिचा पट्टा मोकळा राहतो आणि तो शेजारणीला भरावा लागतो. कुणी तोंडाने बोलत नाही, पण बघतात. आणि ती मुंबईवाली. मुंबईवालीने पहिल्याच तासाला कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे बघितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीत पसरतं. ती ज्या घराची लाज राखायला गेली होती, त्याचीच लाज गेली असती. म्हणून ती तीन दिवस उठली नाही. एकदाही नाही.

माझं सगळं शास्त्र दोन फुटांच्या चटईवरचं. चटईवर माणूस एकटा असतो, दमला की थांबतो, शेजाऱ्याचं काही अडत नाही. ओळीत काम करणाऱ्या बाईला मी एकटीने करायचं आसन शिकवून पाठवलं होतं. भाषणं ठोकणारी मी! जिना उतरताना मला त्या जुलैतल्या सगळ्या रेघा आठवल्या. त्या बायका आठ-दहा दिवस वाकून परत यायच्या आणि मी त्यांना मागच्या रांगेत बसवायची. लाज वाटली, अजून वाटते.

सुलभा दोन महिन्यांनी वर्गात आली. येतच नव्हती, मी जाऊन आणली. म्हणाली, वयनी नको म्हणतेय. मी म्हटलं, वयनीला फोन कर आणि सांग की एक वर्ष दे.

ह्या खेपेला मी आधी शिकले. भाजीवाल्याकडून मेथीच्या जुड्या आणल्या आणि सुलभाला म्हटलं, कर लावणी, मी बघते. ती चटईवर वाकली. डाव्या हातात मेथीची मूठ धरली, डावं कोपर डाव्या मांडीवर टेकवलं आणि उजव्या हाताने एकेक काडी काढून फरशीला लावल्यासारखं करत मागे सरकू लागली. तेव्हा मला दिसलं. सगळा भार डाव्या बाजूला आणि पाठ सतत एका अंगाला पिळलेली. माझ्या सगळ्या आसनांत ही पिळलेली पाठ कुठे नव्हतीच. मग आम्ही पिळाची आसनं धरली, गुडघे किंचित सैल सोडले आणि वाकलेलं असतानाच पाठ क्षणभर लांब करून श्वास सोडायचा, असं काहीतरी बसवलं जे कोणाच्या नजरेत येणार नाही. चोरटा विसावा.

नंतर मी सगळ्या वर्गालाच ओळीत उभं केलं. सात जण शेजारी शेजारी, हातात मेथी, एकदम मागे मागे. कर्णिकसाहेब मखराच्या बांबूंवर जाऊन आदळले. चाळीतली मुलं खिडकीत जमली. मी वर्गात कुणाला हसू देत नसे, पण त्या दिवशी कुणाकुणाला थांबवणार! घरी जाताना प्रत्येकाने आपापली चुरगळलेली मेथी नेली.

तरी मला कळत होतं की हे पुरे पडणार नाही. आठ दिवस चोरट्या विसाव्यावर निघत नाहीत, उठून उभं राहायलाच हवं. आणि ती उठणार नाही हेही कळत होतं. म्हणून जूनच्या शेवटी मी सुलभाला सांगितलं की मीपण येते. घरच्यांनी वेड्यात काढलं. साठी कधीच ओलांडलेली होती माझी.

वयनी मला पाहून खूश झाली असं म्हणवत नाही. बारीक, काळीसावळी, उभी राहिली तरी किंचित वाकलेलीच. माझ्या पायांकडे बघून तिने सुलभाला मालवणीत काहीतरी विचारलं. सुलभाने भाषांतर केलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही शेजारणीच्या शेतात उतरलो. वयनीही उतरली, ऐकेचना. नडगीपर्यंत चिखल, वरून पाऊस, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधलेला. तीस वर्षं आसनं शिकवलेली बाई मी, अर्ध्या तासात डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझा पट्टा वाकडा झाला होता, रोपं आडवी पडत होती आणि वयनी एक शब्द न बोलता स्वतःचा पट्टा लावून वर माझाही लावत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग मी उभी राहिले. माझी कसली लाज? पाहुणी, वयस्क, त्यात दादरची. कंबरेवर हात ठेवले, मागे वाकले आणि मोठ्याने पाच श्वास घेतले. ओळीतली एक बाई खालूनच म्हणाली, "गो, बाई कवाईत करतत!" आणि हशा पिकला.

आता गंमत बघा, कंबरेत वाकून पोटभर हसता येत नाही. हसायचं तर उठावं लागतं. एकेक करत सगळ्या उभ्या राहिल्या. सुलभाही उठली. मी बघत होते, हसता हसता तिचे हात कंबरेवर गेले आणि तिने मागे वाकून घेतलं. नीट, शिकवल्यासारखं. मी ओळखलं, हेच औषध. पंधरा-वीस मिनिटांनी मी पुन्हा उठले आणि पुन्हा सोंग केलं. दिवसभर मी विदूषक झाले. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच विचारायला लागल्या की हे कशासाठी, मग मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हाक द्यायची, "बाई, कवाईत!" आणि ओळ एकदम उठायची, पाच श्वास घेऊन एकदम वाकायची. कुणाचा पट्टा मागे राहायचा नाही, कारण सगळ्यांचेच थांबलेले. चौथा दिवस उजाडला तेव्हा सुलभा माझ्या आधी उठून चूल पेटवत होती. मी अंथरुणातूनच बघितलं आणि देवाला हात जोडले.

उठायची नाही ती फक्त वयनी. ओळ उभी राहिली की ती तेवढ्यात दोन-चार रोपं जास्त लावून घ्यायची, जमेल तेवढा वेळ काम करायची आणि गुडघे थकले की मेरेवर जाऊन बसायची. मी एकदा आग्रह केला तर म्हणाली, शेत काय थांबणार आहे?

सातव्या दिवशी आमची पाळी आली. वयनी पहाटेपासून दारात उभी होती. गेल्या वर्षी चारच आल्या होत्या. पहिली आली, मग दोघी एकदम, मग बाकीच्या. सहाही घरांतून आल्या. वयनीने प्रत्येकीला चहा दिला आणि सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली.

दुपारच्या सुमाराला शेत अर्धं झालं. कुणीतरी हाक दिली आणि ओळ उठली. वयनी वाकलेलीच. सुलभा तिच्या शेजारी होती. ती म्हणाली, "वयनी, उठा आता. आज आपलाच शेत आसा, कोण काय बोलाचा नाय."

वयनीचे हात थांबले. तिने मुठीतली रोपं पाण्यात ठेवली, आधी एक हात मांडीवर ठेवला, मग दुसरा, आणि थोडी थोडी करत वर आली. मी जाऊन तिच्या कंबरेवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत किती पाठींना हात लावला असेल, पण अशी पाठ माझ्या हाताला कधी लागली नव्हती. लाकूड नुसतं. मी जोर दिला नाही, फक्त म्हटलं, श्वास सोडा. तिने सोडला. पूर्ण सरळ नाही झाली, होणारही नव्हती, पण मान वर आली आणि समोर नजर गेली. समोर आम्ही सकाळपासून लावलेलं हिरवं, पाण्यात उभं.

बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्सां लावणी केलंय गो, पण अर्दा लावलेला शेत कसा दिसता, ता आज बघलंय."

ओळीत कुणी हसलं नाही. सुलभाने पदराने तोंड पुसलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही, पाऊस होताच.

वयनीने पाण्यातली रोपं उचलली, मांडीवर कोपर टेकवलं आणि पुन्हा वाकली. आम्हीही वाकलो. उरलेलं अर्धं संध्याकाळच्या आत लावून झालं.